पाहुण्यांच्या अलीकडचं गाऱ्हाणं

मालवण,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

प्रिय याकूब,

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू ‘बरां, बरां’ म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हा उद्योग. हे तुला ठेवून देता येणार नाही, कारण ते अलिनाच्या हातात असेल. अलिना बाळा, आजोबांना सगळं मोठ्याने वाचून दाखव, आणि ते ‘पुरे’ म्हणाले तरी थांबू नकोस. तू त्यांना जन्मापासून ओळखतेस, पण मी त्यांना अर्ध्या चड्डीत असल्यापासून ओळखतो. पुरे म्हणणं ही त्यांची नुसती सवय आहे.

आधी मुद्द्याचं. तौकीरचा फोन आला होता. बंदरावरचं तुमचं घर भाड्याने द्यायचं म्हणतो. गोव्याचा कोणी माणूस तयार आहे, त्याच्याकडे किल्ली द्या म्हणाला. लेक म्हणून तो तुझ्या काळजीनेच बोलतो, त्याच्यावर माझा राग नाही. राग तुझ्यावर आहे. मी त्याला विचारलं, अब्बा काय म्हणतात? तर म्हणाला, अब्बाच म्हणाले, ‘आता थंय येवन माका काय करूचा आसा?’ शाबास! सगळा जन्म बंदरावर जाळी आणि दोरखंड विकण्यात काढलास, आणि एका ऑपरेशनसाठी पुण्याला लेकाकडे गेलास तो तिकडचाच झालास. किल्ली मी अजून दिलेली नाही. देव्हाऱ्यात समईच्या मागे ठेवली आहे. तिचं काय करायचं ते तू ठरवशील, पण माझं सगळं ऐकून झाल्यावर.

तोवर आपल्या टीमची खबर ऐक. आपली म्हणतो खरा, पण कॉलेजच्या त्या बास्केटबॉलच्या टीमशी आपला काय संबंध, असं तौकीर नेहमी विचारायचा, आणि त्याचं खरंच होतं. तुझी मुलगी त्या टीममध्ये नव्हती, माझीही नव्हती. मी एसटीतला कंडक्टर, तू जाळीवाला, आणि बॉल हातात धरायची अक्कल दोघांनाही नाही. नवीन कोर्ट झालं तेव्हा रिंगांना जाळी नव्हती, म्हणून खेळाच्या सरांनी तुला बोलावलं. तू मासेमारीच्या नायलॉनची जाळी विणून दोन्हीकडे बांधलीस, मी खाली शिडी धरून उभा होतो. काम झालं, मुली खेळायला लागल्या, आणि ‘जरा बघूया’ म्हणून आपण कोर्टाच्या कडेच्या दगडी गडग्यावर टेकलो. ते जे टेकलो, ते माझी नोकरी संपली, तुझे केस पिकले, तरी उठलो नाही.

यंदाची कॅप्टन आकांक्षा. दांडीच्या किनाऱ्यावरची, जिच्या बापाची होडी आहे ती. आठवते ना, पहिल्या वर्षी बॉल अंगावर आला की डोळे मिटून घ्यायची, आणि तू गडग्यावरून ओरडायचास, ‘अगो, बॉल आसा, बॉम नाय!’ ती आता बोलत खेळते. जिला बॉल द्यायचा तिचं नाव आधी घेते, मग देते. समोरच्या टीमलाही कळतं, पण कळून उपयोग होत नाही इतका तिचा हात झटपट झाला आहे. दुसरी अक्षया, कट्टा गावाहून एसटीने येणारी, बुटकी. माशांच्या लिलावात बायकांच्या पायांतून मांजर कसं वाट काढतं, तशी ती उंच उंच मुलींच्या काखेखालून निघून जाते. आणि तिसरी रिया, नवी, तुझी ओळख नसलेली. मिठबावची. एवढी उंच की दारातून जाताना सवयीने वाकते, दार उंच असलं तरी. टीममधली सगळ्यात उंच मुलगी आणि सगळ्यात घाबरट. बॉल आला की दुसऱ्याचं ताट चुकून आपल्यासमोर आल्यासारखी लगेच परत देऊन टाकायची. मी तर सरांना म्हटलंही, हिला उंची देऊन देवाने वाया घालवली. हे माझे शब्द मला पुढे गिळावे लागले, ते सांगतोच.

पहिली मॅच बांद्याच्या मुलींशी, आपल्याच कोर्टावर. ती आपण हरलो आणि माझ्यामुळे हरलो असं सगळी टीम म्हणते. अलिनाला यातलं माहीत नसेल म्हणून नीट सांगतो. बाळा, देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. एकाने देवाला हाक मारून मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्यावर ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. एका वर्षी कुणी तरी गमतीने म्हटलं, काका, मॅचलाही घाला की गाऱ्हाणं, आणि तेव्हापासून गाऱ्हाण्याशिवाय आमच्या मुली कोर्टावर पाऊल ठेवत नाहीत. ‘बा देवा रामेश्वरा, ह्या लेकरांनी जो खेळ मांडलेलो आसा तेका यश दी रे म्हाराजा!’ की तुझे आजोबा माझ्या शेजारून, ‘होय म्हाराजा!’ ‘वाकडा-नाकडा काय आसात ता सरळ कर रे म्हाराजा!’ की पुन्हा ‘होय म्हाराजा!’ पण गाऱ्हाण्याची रीत अशी की मागायचं ते सगळ्यांसाठी, दारात आलेल्या पाहुण्यांसाठीसुद्धा. वर्षानुवर्षं बोलून माझी जीभ आपोआप तिकडे वळते. ‘आणि दारात इलेल्या...’ एवढं माझ्या तोंडून निघालं की तुझे आजोबा मध्येच असा ‘होय म्हाराजा!’ ठोकायचे की माझं वाक्य तिथेच तुटायचं, पंच दचकून शिट्टी वाजवायचा आणि मॅच सुरू व्हायची. पाहुण्यांचं यश मागायचं राहून जायचं. देवापुढे मी खोटा पडलो नाही आणि टीमचंही नुकसान झालं नाही, ही सगळी याकूबची करामत.

यंदा शेजारी तू नव्हतास. ‘दारात इलेल्या’पाशी मी सवयीने थांबलो, वाट बघितली. कुणीच काही बोलेना. मग जीभ गेली पुढे, ‘दारात इलेल्या पावण्यांच्या पदरात पण यश घाल रे म्हाराजा!’ आणि आपल्याच मुली, आपलेच प्रेक्षक, सगळ्यांनी मिळून घसा फोडून म्हटलं, ‘होय म्हाराजा!’ एका बास्केटने हरलो. मॅच संपल्यावर आकांक्षा कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. ‘काका, तुम्ही त्यांकाच यश मागलात, मगे आमका खंय गावतला?’ त्या दिवसापासून माझ्या गाऱ्हाण्यावर बंदी आहे. गडग्यावर बसायची परवानगी आहे, तोंड उघडायची नाही. मी एकटाच बसतो. तुझ्या जागेवर छत्री ठेवतो, नाहीतर कॉलेजची पोरं तिथे पसरतात.

तिथे एकटा बसलो की मला गेल्या वर्षीची ती मॅच आठवते. अक्षयाने मारलेला बॉल रिंगला आपटून बाहेर उडाला आणि तू आनंदाने ओरडलास, ‘बरो गेलो!’ आजूबाजूची पोरं हसली. मी त्यांच्यावर डोळे वटारले आणि तुला म्हटलं, होय रे, थोडक्यात. मग मी खेळ सोडून तुझ्याकडेच बघत राहिलो. तू बॉलकडे तोंड फिरवत नव्हतास, कान फिरवत होतास. पुढच्या वेळी तू घाई केली नाहीस. जाळीचा ‘सुर्र’ आवाज येईपर्यंत थांबलास आणि मग टाळी वाजवलीस. त्यानंतर मॅचभर तू एकदाही चुकला नाहीस. तू मला काही बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. काचबिंदू होता, उशीर झाला, ऑपरेशन करूनही एक डोळा गेला आणि दुसऱ्यात नुसत्या सावल्याच उरल्या, हे सगळं मला तौकीरकडून कळायचं होतं. त्याचा राग वेगळा आहे, तो भेटल्यावर काढीन. पण याकूब, मला फार वाईट वाटलं रे. घरी येऊन जेवलो नाही. आमच्या हिला, नर्मदेला, वाटलं, बांगड्यात मीठ जास्त पडलं.

नर्मदेवरून आठवलं. आजकाल मी प्रत्येक मॅच घरी येऊन तिला सांगतो. ती मागच्या दारी पाठ करून मासे कापत बसलेली असते, मी पायरीवर. पहिल्यांदा सांगायला गेलो तर मला जमेचना. ‘अरे, मग ती अशी गेली... आणि काय सांगू... अगो बाय!’ असंच सगळं. तिने विळीवरून मानसुद्धा वर न करता सुनावलं, ‘कोणी कोणाक बॉल दिल्यान ता सांगा. नुसता अरे अरे केल्यार माका काय समाजतला?’ जन्मभर बसमध्ये ओरडून स्टॉप सांगणारा माणूस मी, आणि मला साधी मॅच सांगता येईना! मग शिकलो. आधी नाव, मग जागा, मग काय झालं ते. डावी बाजू, उजवी बाजू. तिला समजेनासं झालं की ती विळीच्या पाटावर हात आपटते. आता फारशी आपटत नाही. मागच्या मॅचला तर बांगडा हातात तसाच धरून मला म्हणाली, ‘मगे?’

तर कालची मॅच ऐक. कणकवलीशी. साखळीतल्या बाकीच्या मॅच जिंकत आलो होतो, ही जिंकली तर फायनल, हरलो तर घरी. शेवटचं मिनिट, आपण एका गुणाने मागे. बॉल आकांक्षाकडे, मधल्या रेषेवर, आपल्या गडग्याच्या बाजूला. आपण मारतोय उजवीकडच्या रिंगवर, म्हणजे तू विणलेल्या जाळीवर. ती अजून शाबूत आहे. डावीकडची फाटली, तिथे सरांनी बाजारातली लावली आहे, ती मुकी आहे, बॉल गेला तरी कळत नाही. आकांक्षाने बॉल दोनदा जमिनीवर आपटला, ठप, ठप. ‘अक्षया!’ अक्षयाला बॉल, उजव्या कोपऱ्यात. तिच्यावर कणकवलीची एक मुलगी धावली, ही तिच्या काखेखालून आत, पण आत दुसरी उभी. अक्षयाने बॉल मागे आकांक्षाला दिला. आकांक्षाने नाव घेतलं, ‘रिया!’ आणि बॉल उंच, सगळ्यांच्या डोक्यांवरून, फक्त रियाच्या हाताला लागेल असा टाकला. रिया रिंगच्या जवळ, रिंगकडे पाठ करून. तिने बॉल पकडला आणि नेहमीप्रमाणे परत द्यायला हात पुढे केले. आणि आकांक्षाने काय केलं ठाऊक आहे? ती पाठ फिरवून चालायला लागली. बॉल घ्यायला कोणीच नाही. कणकवलीच्या दोघी रियाच्या पाठीला भिडलेल्या, सर ओरडताहेत, आणि ही पोर बॉल धरून उभी. मग तिने एकदा जमिनीवर आपटला, ठप. डावा खांदा फिरवला. वाकलेली ती मान सरळ झाली, याकूब, पहिल्यांदाच तिची खरी उंची दिसली. बॉल फळीला लागला, थाड. आणि मग तुझी जाळी, सुर्र!

मी गडग्यावरून उडी मारली. या वयात. गुडघा अजून सुजलेला आहे, नर्मदा हळद लावताना जे बोलली ते इथे लिहीत नाही.

सगळा दंगा उरकल्यावर रिया माझ्याकडे आली. फायनल आपल्याच कोर्टावर आहे, गाऱ्हाणं घालाल का, म्हणाली. आकांक्षाने बंदी उठवली आहे, पण अर्धंच घालायचं. मी म्हटलं, बाय, अर्धं गाऱ्हाणं घालता येत नाही, ते कुणी तरी अडवावं लागतं, आणि माका अडवणारो पुण्याक आसा. ‘मगे तेंका बोलवा.’ म्हटलं, तेंका आता दिसणा नाय. ती माझ्याकडे बघत राहिली, खरंच न कळल्यासारखी. म्हणाली, ‘अडवूक डोळे कित्याक होये?’ पटलं, ओरडून अडवायला डोळे कशाला हवेत! घरी आलो आणि कागद घेऊन बसलो.

अलिना, आता जरा थांब आणि खरं सांग. रियाची ती बास्केट वाचत होतीस तेव्हा आजोबांचा हात हलला का? टाळी वाजली का? नसेल, तर मी अजून नर्मदेपुढे बसून शिकतो, आणि तौकीरला कळव की किल्ली घेऊन जा. पण वाजली असेल, तर याकूब, तुझी मॅच बघून झाली, आणि मला एवढंच तपासायचं होतं. म्हणूनच हे सगळं लिहिलं. देवदिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी फायनल आहे. अलिना, शुक्रवारच्या गाडीत त्यांना बसव आणि तूही बस. तुमचं घर झाडून ठेवतो, छत्री उचलून गडगा पुसून ठेवतो. मी उजव्या बाजूला बसेन, आधी नाव, मग जागा, मग काय झालं ते सांगेन. सुर्र तुझं तू ऐक. आणि गाऱ्हाणं तर मी घालणारच आहे, ‘दारात इलेल्या’पर्यंत जाऊन थांबणारही आहे. तिथे तुझा आवाज आला नाही, तर सरळ पाहुण्यांचं यश मागून मोकळा होईन, आणि मग आकांक्षाला काय सांगायचं ते तू सांग.

वाट अडवली जायची वाट बघणारा,
तुझाच,
सत्यवान