टोपलीतला डोळा

सर, तुमच्या चित्रांचं प्रदर्शन काल उघडलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. भिवंडीतही लोकांना आठवतात ते फक्त शाळेतले ड्रॉइंग मास्तर. दिवाळी अंकांसाठी काढलेली तुमची शाईची चित्रं, ती पंख फुटलेली घरं, झाडाला लटकलेले कान, तुमच्या माघारी काकूंनी टेमघरच्या तुमच्या घरात पत्र्याच्या ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालून जपली होती. मी मुंबईच्या ज्या संग्रहालयात प्रदर्शनं मांडते, तिथे ती मीच नेली. आणि तेव्हापासून धास्ती होती, तुम्हाला हे आवडलं नसतं तर?

कारण ती दुपार. मी सातवीत आहे, तुमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून आंबा रंगवतेय. समोर तुमचं नवं चित्र वाळत घातलंय: वाकलेली काळी बाई, डोक्यावर टोपली, टोपलीतून बघणारा एकच मोठा डोळा. मी विचारलं, "सर, ही हडळ आहे का? अर्थ काय याचा?" तुम्ही ब्रश खाली ठेवलात. "अर्थ काय मागतेस लगेच? आधी नीट बघ तरी!" तुम्हाला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

संग्रहालयाच्या साहेबांना मात्र प्रत्येक चित्राचा अर्थ हवा होता. "चित्रकार कुणाला माहीत नाही, त्यात असली चित्रं. लोकांना कळायला नको?" मी मान डोलावली आणि पुस्तकं धुंडाळून पाट्या लिहिल्या. त्या बाईशेजारी लिहिलं, 'मृत्यू. त्याची सगळ्यांवर नजर आहे.'

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी काकूंना रिक्षा-गाडी करत घेऊन आले. फिरत फिरत त्या बाईपाशी त्या थांबल्या. चष्मा घरी राहिला होता, म्हणून पाटी मला वाचायला लावली. ऐकून हसायलाच लागल्या.

"मरण कसलं गो? मी हाय ती! खाडीत उतरून कालवं काढून आणायचे, तवा अशीच वाकलेली असायचे."

"आणि डोळा?"

"तो त्यांचा. मी येईपर्यंत दारात बसून वाट बघायचे. मला पोहता येतं, पण त्यांचा इश्वास कधी बसलाच न्हाय."

मी तिथल्या तिथे पाटी काढली. मग बाकीच्याही. साहेब कुरकुरले, "आता लोकांना कळणार कसं?" मी म्हटलं, "थांबून बघतील." त्या एका चित्राखाली फक्त काकूंचं बोलणं लावलं, त्यांच्याच शब्दांत. काल लोक खरंच थांबत होते, आणि काकू खुर्चीवर बसून प्रत्येकाला सांगत होत्या, "ती मी." कित्येक दिवसांनी आज मी उशिरापर्यंत झोपले.

हा कागद पोस्टात टाकायचा नाहीये, म्हणून कबूल करते. तुमच्याकडे मी चित्रं शिकायला येत नव्हते, सर. आमच्या भिंतीपलीकडे कापडाचे लूम होते, दिवसभर खडखडाट. तुमच्या घरी शांत असायचं. तिथे बसून राहायला मिळावं, म्हणून मी तो आंबा इतके दिवस रंगवत होते.