बॉल पुढे गेला होता

१२ फेब्रु. १९८९, रवि.
सेमीफायनल जिंकलो. १–०.
इक्बाल हॉस्पिटलात. उजवा गुडघा. मी आणि त्यांच्या टीममधल्या एकानं मिळून त्याला उचलून बाहेर नेलं. टॅक्सीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर. ओरडला नाही. माझी जर्सी मात्र मुठीत घट्ट धरून होता, हॉस्पिटलात सोडवावी लागली.
मुंबईहून पनवेलला घरी पोचलो तर मंदा म्हणाली, जिंकलात ना, मग तोंड असं का? दमलोय म्हटलं.

१३ फेब्रु.
या वहीत तरी खरं लिहावं. कोणी वाचत नाही.
मॅचआधी कोचसरांनी बाजूला घेतलं. म्हणाले, "तो सेंटर फॉरवर्ड तुमचा पनवेलवालाच ना? त्याचा खेळ तुला पाठ आहे. आज तो दिसता कामा नये." एवढंच. मार असं म्हणाले नाहीत. ते तसं कधीच म्हणत नाहीत.
दोन महिने बाकावर होतो. माझ्या जागी बावीस वर्षांचा पोरगा खेळत होता. त्याचा घोटा दुखावला म्हणून काल मला घेतलं. मी एकतिसाचा. हॉकीसाठी नोकरीला घेतलेला माणूस. दहाला डिस्पॅचमध्ये सही, एकला ग्राउंड, अशी दहा वर्षं गेली. टीमबाहेर गेलो की प्लँटमध्ये शिफ्टला. आमच्या जुन्या गोलकीपरचं तेच झालं, आता रात्रपाळीला असतो.
इक्बालनं दोनदा मला चकवलं. डावीकडे झुकतो आणि बॉल उजवीकडून काढतो, शाळेपासूनची खोड. पनवेलला शाळेच्या मैदानावर रोज मीच त्याला अडवायचो. दुसऱ्यांदा चकवलं तेव्हा लोक हसले. तिसऱ्यांदा तो कुठून जाणार ते मला माहीत होतं. स्टिक फिरवली.
बॉल तेव्हा पुढे गेला होता. चांगला हातभर.
अंपायरनं विचारलं. स्टिक घसरली म्हणालो.

१६ फेब्रु.
हॉस्पिटल. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. आतली शीर तुटलीय, ऑपरेशन करावं लागेल, नंतर चालेल, खेळायचं नाव नको, असं डॉक्टर त्याच्या भावाला सांगत होते. इक्बालला अजून सांगितलेलं नाही.
त्याची अम्मी पनवेलहून रोज एसटीनं येते, डबा घेऊन. माझा हात धरून म्हणाली, "तू व्हतास म्हणून बरा झाला रे बाबा. सख्ख्या भावानं केला नसता." मी तिचा हात सोडवून पाणी आणायला गेलो. पाण्याचा जग भरलेलाच होता.
इक्बाल म्हणाला, खेळात होतं रे. माझ्याकडे न बघता म्हणाला की बघून, ते आता आठवत नाही.

२१ फेब्रु.
त्यांच्या कंपनीनं हॉकी संघटनेकडे तक्रार केलीय. फाउल मुद्दाम होता, मॅच परत खेळवा.
कोचसरांनी केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजरसाहेबही होते. चहा मागवला, एरवी उभं करून बोलतात. म्हणाले, तू त्याला लहानपणापासून ओळखतोस. गुडघा आधीचा दुखरा असेल तर तसं लिहून दे. आपल्यावरचं बालंट जाईल, त्याचंही काही नुकसान नाही. तक्रार त्यानं नाही, त्याच्या कंपनीनं केलीय.
लिहून दिलं. 'सदर खेळाडूच्या उजव्या गुडघ्यास शालेय वयात दुखापत झाली होती हे मला प्रत्यक्ष माहीत आहे. सामन्यापूर्वीही तो किंचित लंगडत असल्याचे मी पाहिले.'
खाली सही. तारीख. पूर्ण नाव.

२२ फेब्रु.
शाळेत असताना तो वडाळे तलावाच्या कठड्यावरून पडला होता. गुडघ्याला सूज, आठ दिवस लंगडत शाळेत आला. पहिलं वाक्य खरं आहे.
दुसरं नाही. मॅचआधी तो माझ्याकडे पळत आला होता, पाठीत धपका मारायला.

५ मार्च, रवि.
तक्रार फेटाळली. फायनल आज. हरलो, २–३, पण माझा खेळ चांगला झाला. दोन शॉर्ट कॉर्नर मी अडवले. ग्राउंडवर कोचसरांनी खांद्यावर थोपटलं.
राज्याच्या कॅम्पच्या यादीत नाव आहे. पुणे, मे महिना. दहा वर्षं या यादीची वाट बघितली. बाबा असते तर पेढे वाटत फिरले असते. मंदानं वाटले. एक पुडा मोहल्ल्यातही, इक्बालच्या घरी देऊन आली. मला आधी विचारलं असतं तर…
विचारलं असतं तर काय सांगणार होतो.

१९ मार्च, रवि.
इक्बाल हॉस्पिटलातून घरी आलाय. बोलावणं आलं होतं, जावंच लागलं. कुबड्या भिंतीला टेकलेल्या. पाय बारीक झालाय, पँट लोंबते. डॉक्टरांचं त्याला कळलंय. त्याविषयी बोलला नाही, नोकरीविषयी बोलला.
दोन वर्षं टेंपररी आहे. या सीझननंतर कायम करणार होते. कंपनीसाठी खेळताना लागलं असं ठरलं तर बसून करायचं काम देऊन कायम करतील. त्यांच्या पर्सोनेल ऑफिसरनं सांगितलंय, दुखापत कशी झाली ते कुणाचं तरी लेखी आणा.
"सगळ्यात जवळ तूच होतास," म्हणाला. "दोन ओळी लिही. चुकून लागलं असं लिही, तुझ्यावरही काही यायला नको."
हो म्हणालो. आणि निघालो.
आपलं आधीचं पत्र कोणाकोणाकडे गेलंय याचा विचार वाटेत पहिल्यांदा केला.

२८ मार्च
गेलो नाही. नऊ दिवस.
संध्याकाळी एसटीनं पनवेल स्टँडला उतरलो की त्यांच्या गल्लीवरून जावं लागतं. म्हणून तीन दिवस पुढे पळस्प्याला उतरून मागच्या रस्त्यानं टेम्पोनं घरी येतो. मंदाला सांगितलं गर्दी असते. कंडक्टर ओळखीचा झालाय. म्हणतो, पळस्प्याला बदली झाली का साहेब?

११ एप्रिल
इक्बालचा भाऊ टपाल नाक्यावर भेटला. टाळता आलं नाही. कंपनीनं इक्बालला काढलं. गुडघा जुना आहे, नोकरीला लागताना मेडिकलमध्ये लपवलं, म्हणून. तक्रारीची चौकशी झाली त्याची कॉपी त्यांच्या ऑफिसात आली, त्यात कोणीतरी तसं लेखी दिलंय. नाव दाखवलं नाही.
"कोण असेल हो?" त्यानं मला विचारलं.
मला म्हणजे, मला विचारलं.

८ मे
काल ईद. दरवर्षी सकाळी पहिला मी जातो. गेलो नाही, ताप आहे असं कळवलं. दुपारी अम्मी स्वतः आली. डब्यात शीरखुर्मा, वर बांधलेल्या रुमालात खजूर. रोजे धरून धरून चेहरा उतरला होता तिचा. मी आत पांघरूण घेऊन पडलेलो. दारातूनच म्हणाली, "झोपू दे त्याला. गरम करून दे गं, ताप आसंल तर थंड नको."
मंदानं वाटी आणून ठेवली. मी तिला हात लावला नाही. ती बघत बसली, मग म्हणाली, ताप नाहीये तुम्हाला.
सगळं सांगितलं. स्टिकचं आणि कागदाचं. बोलून झाल्यावर तिनं वाटी उचलून झाकून ठेवली.
"मला सांगून काय उपयोग," म्हणाली. "त्याला सांगा."
रात्री तिनं पाठ केली नाही की जवळही आली नाही. छताकडे बघत होती.

२१ मे, रवि. पुणे
कॅम्प. पहाटे पाचला पळणं, मग बॉल. सगळे माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. टर्फवर पहिल्यांदाच खेळतोय, बॉल पाण्यासारखा धावतो. आज त्यांच्यातल्या एकानं डावीकडे झुकून उजवीकडून बॉल काढला. मी जागचा हललो नाही. स्टिकच उचलली नाही. कोच ओरडले, झोपलास काय. नव्हतो झोपलो.

२६ मे
पहिल्या कपातीत गेलो. यादी वाचून दाखवली तेव्हा बरं वाटलं. असं वाटेल असं वाटलं नव्हतं. माझ्या करिअरची सर्वात मोठी यादी आणि माझं नाव त्यात नाही म्हणून बरं वाटलं.

४ जून, रवि.
गेलो. सकाळी दहाला, मुद्दाम उजेडात.
इक्बाल पुढच्या खोलीत, दुबईच्या एजंटचा फॉर्म भरत होता. त्याच्या मामाच्या ओळखीनं गोदामात काम आहे. दिवसभर उभं राहावं लागेल. फॉर्मवर पायाचं लिहायचं की नाही याच्यावर अडला होता.
अम्मी बाजारात होती. बरं झालं.
बसलो नाही, उभ्यानंच सांगितलं. मुद्दाम मारलं. बॉल पुढे गेला होता.
त्यानं पेनाचं टोपण लावलं. "माहीत आहे," म्हणाला. "पंधरा वर्षं तुझ्या स्टिकसमोरून जातोय. घसरलेली कुठली आणि फिरवलेली कुठली, कळत नाही का मला?"
मग बोलला का नाहीस, विचारलं.
"खेळात केलंस. मीही दोघातिघांना पाडलंय. तू टॅक्सीत रडत होतास. म्हटलं, जाऊ दे."
मी रडत होतो हे मला आठवत नाही.
मग कागदाचं सांगितलं. तोंडपाठ आहे, दोन्ही वाक्यं तशीच म्हटली. सही, तारीख, पूर्ण नाव.
बाहेर कोणीतरी मासे विकत गेलं. मग म्हणाला, "हे माहीत नव्हतं." आणि, "ते मैदानात नव्हतं, सुऱ्या. खुर्चीवर बसून लिहिलंस."
जा म्हणाला नाही. पण फॉर्म परत समोर ओढला, टोपण काढलं. मी निघालो.

६ जून
कोचसरांना सांगितलं, पत्र मागे घ्यायचंय. त्यांनी दार लावलं. म्हणाले, मागे घेणं म्हणजे खोटं लिहिलं असं कबूल करणं. संघटना दोन सीझन बंदी घालेल. "बंदी घातलेला हॉकीवाला कंपनीनं डिस्पॅचमध्ये कशाला ठेवायचा? पुढच्या महिन्यात शिफ्टला जाशील. त्यात त्याचा पाय परत येणार आहे का?"
नाही येणार. तेही खरंच.
म्हणाले, चार दिवस विचार कर. माझ्या बाजूनंच बोलत होते. इतकी वर्षं बोलत आलेत.

१० जून
मंदाचा भाऊ आपट्याहून आला होता. कोचसर काय म्हणाले ते तिनं त्याला कळवलेलं. समजूत घालायला आला. तुझी दोन पोरं आहेत, तो मुसलमान माणूस काय, दुबईला जाऊन तुझ्यापेक्षा जास्त कमवील. मंदानं त्याला जेवू घातलं आणि दुपारच्याच गाडीनं परत पाठवलं.
संध्याकाळी आधीचं पत्र मागे घेतल्याचं लिहिलं. चार कागद फाडले. प्रत्येक वेळी 'माझ्या हातून घडले' असं यायचं. शेवटी 'मी केले' असं लिहिलं. सहा ओळी झाल्या.

११ जून, रवि.
इक्बालला दाखवायला नेलं. त्यानं दोनदा वाचलं. पर्सोनेल ऑफिसरला समक्ष भेटून द्यावं लागेल म्हणाला, नाहीतर फाइलला लावून टाकतील. पुढच्या शनिवारी दुबईचे कागद द्यायचेत, त्याआधी.
"उद्या साडेसातची गाडी. मी असेन स्टँडवर," म्हणाला. ये म्हणाला नाही.

१२ जून, सोम.
गेलो. तो बाकावर आधीच बसलेला, पाय सरळ पुढे सोडून. खिडकीची जागा त्याला दिली, घेतली.
पर्सोनेल ऑफिसरनं कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला. विचारलं, हे तुम्ही स्वतःहून लिहिलंय? कोणाचा दबाव? मी म्हणालो, दबाव आधीच्या पत्राला होता. आणि तोही फार नव्हता. हे बोलताना इक्बाल शेजारी होता, मला त्याच्याकडे बघता आलं नाही. साहेब म्हणाले, वरती ठेवतो, तुमच्या कंपनीला आणि संघटनेला कॉपी जाईल, कळवू. कधी ते सांगितलं नाही.
परतीच्या गाडीतून उतरताना पायरी उंच होती. मी हात पुढे केला. त्यानं दांडा धरला, स्वतः उतरला, वेळ लागला, मागचे लोक खोळंबले.
खाली उतरल्यावर म्हणाला, "अम्मीला मी काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ती अजून नमाजात तुझं नाव घेते. तू सांग."

१५ जून
कंपनीतून अजून काही नाही. कोचसर बघून न बघितल्यासारखं करतात. प्रॅक्टिसला नाव पुकारलं नाही, घरी आलो.
स्टँडला उतरलो, पळस्प्याला नाही. त्यांच्या गल्लीतून. अम्मी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. लांबूनच ओळखलं तिनं, सूप बाजूला ठेवलं, ओट्यावर हातानं जागा झाडली.
"ये," म्हणाली. "बस. किती दिसांनी रं."
बसलो.