संजनाचा तिसरा ठोकळा

१४ फेब्रुवारी २०२५
संजना जाऊन अठरा दिवस. आज तिच्या प्रयोगशाळेत गेलो. तिच्याबरोबर संशोधन करणाऱ्या कुंदनने टाकीत, पाण्याखाली ठेवलेले काँक्रीटचे तीन ठोकळे दाखवले. डेंग्यूने पडायच्या आठवडाभर आधी तिने ओतलेले — शेवटचे. सोमवारी ओलेच भट्टीत जाणार, सहाशे अंशांवर! मग प्रबंध तिच्या नावाने पुरा होईल म्हणाला.

एकदा जेवताना तिने समजावलं होतं. आगीत काँक्रीटमधल्या पाण्याची वाफ होते, वाट मिळाली नाही तर काँक्रीट फोडून निघते. तिने मिसळलेले प्लास्टिकचे तंतू आधीच वितळतात, स्वतः नाहीसे होऊन वाफेला वाट देतात. मी, जन्मभर सातवीला कविता शिकवलेला माणूस — म्हणालो, अगं, ही तर कविताच.
"बाबा, कवितेला परीक्षक मार्क देत नाहीत."

१५ फेब्रुवारी
एक ठोकळा घरी आणला. वरच्या बाजूला तिच्या अंगठ्याचा ठसा आहे, तो कसा जाळू देऊ? कुंदन चहाला गेला तेवढ्यात टाकीतला दुसरा, बिनतंतूंचा साधा ठोकळा त्या जागी ठेवला. तिच्या ठोकळ्याचाच क्रमांक रंगवला त्यावर. इंदिरानगरपर्यंत रिक्षात मांडीवर घेऊन आलो. अडीच किलो. जन्मली तेव्हा तेवढीच होती.

१६ फेब्रुवारी
ओला होता. पुसून गच्चीत उन्हाला ठेवला.

१७ फेब्रुवारी
कुंदनचा फोन. दोन ठोकळे शाबूत, तिसरा भट्टीतच फुटला. त्याचा आवाज पडला होता. "काका, मला लिहावं लागेल — या तंतूंचा भरवसा नाही."
मी "बरं" म्हणालो. बरं!

२० फेब्रुवारी
कुंदनला अजून खरं सांगितलेलं नाही. तिच्या चार वर्षांवर मीच फुली मारली.

२४ फेब्रुवारी
ठोकळा पिशवीत घालून गेलो. सगळं सांगितलं. हा खरा, हा जाळ, म्हटलं. कुंदन रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने आधी वजन केलं, मग विचारलं, उन्हात किती दिवस होता.
"आठ."
"वाळलाय, काका. आत तेवढं पाणीच नाही, तर वाफ कुठली? आता हा नाही फुटला, तरी तंतूंमुळे नाही फुटला असं कसं म्हणू?"
पुन्हा ओतता येईल का, विचारलं. ओतेन मी, म्हणाला. पण तो तिच्या हातचा नसेल, तिच्या नावावर घालता येणार नाही.

२ मार्च
कुंदन घरी येऊन गेला. निकालाला तीन नमुने लागतात. सहाशे अंशांचं प्रकरण प्रबंधातून काढलं. जाताना ठोकळ्याची पिशवी टेबलावर ठेवली.
"ठेवा काका. आता आम्हाला याचं काही काम नाही."