अण्णांनी जाळलेलं पोलाद

नांदूरघाट, ता. केज
१२ जानेवारी २०२५

प्रिय संस्कृती,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे मजेत. आईचे गुडघे थंडीने कुरकुरतात, तुझ्या औषधाने म्हैस मात्र ठणठणीत झाली. आई म्हणाली, डॉक्टरीणबाईंना गुडघेही दाखवू. मी म्हटलं, त्या फक्त जनावरं बघतात. "मग आधी तुलाच दाखवू," म्हणाली.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. न उचलण्याचं कारण मला कालपर्यंत खरंच ठाऊक नव्हतं.

माझं काम तू जाणतेस. विजेच्या भट्टीत पोलाद कसं शुद्ध होतं, त्याचं गणित संगणकात मांडायचं. किती भंगार, किती चुना, किती ऑक्सिजन फुंकायचा, ते खऱ्या भट्टीआधी पडद्यावर बघायचं. जास्त फुंकलं की लोखंडच जळतं आणि गुळाच्या काहिलीवरच्या मळीसारखं वर येतं. पण पडद्यावरच. खरा एक खिळाही वितळत नाही.

लग्न ठरवताना तुझे वडील, अण्णा, घर बघायला आले, तेव्हा हेच दाखवत होतो. अण्णांनी मोठ्या हौसेने ऑक्सिजनचं बटण दाबायला घेतलं. तेवढ्यात आईने चहाला हाक मारली. परत येतो तो पडदा लालभडक आणि अण्णा घामाघूम.

"लई फुकलं का ओ म्या?"

"सगळं पोलाद जाळलंत!" मी हसून म्हटलं. तेही कसंनुसं हसले. मला वाटलं, चेष्टा चाललीय.

चेष्टा कसली! अण्णा विहिरीवरची मोटार तुमच्या युसूफ वडगावात घराच्या ओट्यावर बसून मोबाइलवरून चालू करतात. तशीच कुठल्यातरी कारखान्यातली भट्टी मी इथून चालवतो, असा त्यांचा समज. पडद्यावर दिसणारं पन्नास टन पोलाद आपल्या हातून गेलं, म्हणून बिचारे धास्तावले.

माझ्या वडिलांनी हे तेव्हाच ओळखलं होतं. काल मिशीत हसत सांगत होते, "म्या म्हनलं, पाव्हनं, जाऊ द्या, नुकसान घरचंच हाय. फकस्त पोरीनं लग्नानंतर नोकरी सोडावी." आणि शरमेपोटी अण्णा हो म्हणाले, तुला न विचारता. तुला वाटलं असेल, अट माझी.

मी पहिल्यांदाच वडिलांवर ओरडलो. "कावून केलं असं?"

"सून बैलांमागं पळती, लोक काय म्हनतील?"

"म्हैस लोकांनी वाचिवली का?" आई आतून कडाडली. वडील गोठ्याकडे गेले.

हे पत्र अण्णांना वाचून दाखव. त्यांच्या हातून काहीही जळालेलं नाही, आणि ती अट मी मोडली आहे. वडील म्हणतात, "पत्र धाडू नको, सोयरीक मोडंल बे." मोडेलही. आमच्या घराने तुझ्या वडिलांच्या भोळेपणाचा फायदा घेतला, हे तू का पोटात घालावंस?

इथेच थांबणार होतो, पण तू बोलत नाहीस तेव्हापासून माझं एक गणित धड जुळत नाही. तू मला हवी आहेस. तरी नोकरी कुणासाठीही सोडू नकोस, माझ्यासाठीही नाही. नकार द्यायचा असेल तर ऐकून घेईन. फक्त तो तुझ्या तोंडून येऊ दे, अण्णांकरवी नको.

पुढचा शब्द लिहायचा हक्क मला उरलाय की नाही, माहीत नाही. तरी लिहितो.

तुझा
रविराज