बाबांची तपकिरी बॅग

दादा,
या खेपेला साष्टांग नमस्कार घालत नाही.

“विमानाने पन्नास मिनिटं, तरी धाकट्याला घरी यायला जमत नाही,” असं तू चारचौघांत ऐकवतोस. त्याच विमानाचं सामान मी रोज चढवतो-उतरवतो. मला वेळ शिकवू नकोस.

मंगळवारी बाबांची तपकिरी बॅग माझ्या हाती आली. शुक्रवारी तीच परत चढवली. तीन दिवस इथे सासुरवाडीत लोळलास, पण भावाला तोंड दाखवायला पाच मिनिटं मिळाली नाहीत?

बॅगेचं हँडल तुटलं होतं, ते सुतळीने बांधलंय. आईचे गुडघे कसे आहेत? मी मजेत आहे.

ती गाठ घरात फक्त आईला आणि मला येते. तिने विचारलं तर काय सांगशील, ते ठरवून ठेव.

धाकटा