चुन्याच्या रेघेबाहेर

प्रिय चष्मिस,

शाळेच्या मैदानावरून घरी येऊन दोन तास झाले, अंघोळही झाली, तरी अंगावरची किळस जात नाहीये. तुला दोन गोष्टी सांगायच्यात. त्यातली सोपी आधी.

मुंगीच्या शाळेचं शिबिर होतं. मुंगी म्हणजे ताईची मोठी, वय वर्षं सात, पुढचे दोन दात गायब. मुलांनी आपापला तंबू स्वतः उभारायचा, रात्री त्यातच झोपायचं आणि मोठ्यांनी चुन्याच्या रेघेबाहेर थांबायचं, एवढा एकच नियम. भाऊजी कामासाठी बाहेरगावी, धाकट्याला कांजिण्या, म्हणून पालक म्हणून गेलो मी. कॉलेज सोडलेला माणूस घरच्यांना कायम मोकळाच वाटतो. गोदामात दिवसभर खोकी उचलतो, ते कुणाच्या खिजगणतीत नाही.

तीन आठवडे पोरीने घर डोक्यावर घेतलं होतं. खुर्च्यांवर चादरी, पलंगाच्या पायांना दोऱ्या. ताई दोनदा अडखळली आणि दोन्ही वेळा शिव्या मला बसल्या. गाठ मारायची मुंगीची पद्धत ठरलेली: दोन वेढे, जीभ बाहेर, शेवटी एक फुंकर. फुंकर कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, मामा, तुला नाही कळायचं ते. स्वतः बांधलेल्या घरात एक रात्र झोपायचं, एवढंच तिला हवं होतं.

आणि मैदानावर काय बघतो? खेळाच्या सरांनी शिट्टी वाजवली न वाजवली तोच एक दातांचे डॉक्टर चकचकीत बूट घालून रेघेच्या आत. हातात घरून आणलेला हातोडा. त्यांच्यामागोमाग सगळेच. एक आई मुलाला सांगत होती, खुंटीला नुसता हात लाव आणि हस, मी शूट करतेय. मुलं बाजूला वेफर्स चघळत उभी, आणि त्यांचे बाप घामाने थबथबून एकमेकांचे तंबू तिरक्या नजरेने मोजतायत. सगळीकडे ओले टिश्यू, अत्तर आणि मोज्यांचा वास. किळस यायला लागली. सर दुसरीकडे बघत होते, कारण तिकडे बघणं सोयीचं होतं. मी हाताची घडी घालून रेघेबाहेर उभा, मनातल्या मनात एकेकाची पिसं काढत. या सगळ्यांत मीच एक धुतल्या तांदळासारखा, असं वाटत होतं बघ.

मुंगीचा तंबू शेवटचा राहिला. तीन कोपरे ताठ, चौथा लोळलेला. ती शांतपणे तिसऱ्यांदा तीच दोरी बांधत होती. तेवढ्यात ते दातवाले हळहळले, अरेरे, हिचे वडील आलेले दिसत नाहीत. झालं. माझं डोकं किती चटकन सटकतं, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? रेघ ओलांडली, तिच्या चारही गाठी सोडल्या आणि दोन मिनिटांत तंबू असा ताणला की त्यावर नाणं टाकलं तर उडेल. सरांनी सगळ्यांत ताठ तंबूचा बिल्ला तिला लावला. दातवाल्यांकडे मी कसं बघितलं असेल, ते तू ओळखशीलच.

मुंगीने बिल्ला काढून माझ्या हातात ठेवला. रडली नाही. म्हणाली, मामा, माझ्या तीन गाठी सुटल्याच नव्हत्या. मग म्हणाली, हा तंबू तुझा आहे, तूच झोप. बॅग उचलली आणि बाईंच्या शेजारी वर्गात जाऊन झोपली. मी खरंच झोपलो त्यात, पाय गुडघ्यापासून बाहेर. आज सकाळी घरी येताना बॅगही तिने माझ्याकडे दिली नाही. त्या बापांची किळस येत होती ना, ती आता कुणाची येतेय ते सांगायला नको.

आता दुसरी गोष्ट. मागच्या बुधवारी मी तुझ्या बाबांना भेटलो. तुला न विचारता. लग्नाचं बोललो, तुझा होकार आहे असंही ठोकून दिलं. ते विरघळले. म्हणाले, मग शेवटच्या वर्षाची परीक्षा तरी कशाला द्यायची, येत्या सुट्टीतच लग्न उरकून टाकू. आणि मी, गाढव, मान डोलावली. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. रविवारी ते तुला न्यायला हॉस्टेलवर यायचे होते, आणि तुला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून मी गप्प होतो. मघाशी त्यांना फोन करून खरं सांगितलं. पोरखेळ चाललाय का, म्हणाले आणि फोन ठेवला. तरी रविवारी ते येतीलच, म्हणून हे पत्र कुणाच्या तरी हाती आजच पाठवतोय. तू परीक्षेला बस. त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मला काय सांगायचं तेही. नाही म्हणालीस तर गेल्या वेळेसारखा हॉस्टेलच्या फाटकाशी येऊन आरडाओरडा करणार नाही. खाली सहीच्या वर लिहिलेला एक शब्द मात्र मी एकट्याने ठरवलाय, तेवढा राहू दे.

तुझाच,
भडकू