सव्वा रवा, सव्वा साखर

सोम., २ फेब्रु.
चौथी अ. पोरांनी घरून खाऊची रिकामी पाकिटं आणलेली, मागची घटकांची यादी वाचायला. फळ्यावर नियम लिहिला : जे सगळ्यात जास्त, त्याचं नाव पहिलं. पहिल्या तिनात साखर दिसली की पाकीट परत ठेवायचं. अर्ध्या वर्गाला शाकाहारीचा हिरवा ठिपका म्हणजे तब्येतीला चांगलं, असंच वाटत होतं. 'बाई, हिरवा म्हणजे जा ना!' सिग्नल वाटला गाढवांना. हसू आवरेना. आमची मुक्ता पहिल्या बाकावर, मान ताठ. वर्गात मलाही 'बाई'च म्हणते.

गुरु., ५
मुक्ताने आजोबांची 'शुगरवाल्यांची' बिस्किटं उलटी करून वाचली. पहिलं नाव मैदा. अप्पांनी निमूट पुडा बाजूला सारला. मी दिवसभर फुशारलेली.

रवि., ८
कोपरला नणंदेकडे सत्यनारायण. संध्याताईंनी मुक्ताच्या हातात प्रसादाचा द्रोण दिला.
'आत्या, यात पहिलं काय?'
'अगं, सगळं सव्वा. सव्वा रवा, सव्वा साखर, सव्वा तूप.'
'म्हणजे साखर पण पहिलीच!'
आणि द्रोण परत. प्रसादाचा. भरल्या घरात.
सासूबाई मला, सगळ्यांदेखत : 'हे शिकवता शाळेत?'
तिचा द्रोण मीच संपवला, माझाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रागावू कशी? तिने माझंच तर ऐकलं.

मंगळ., १०
डबा आजही अर्धा परत. गूळपोळीला हात नाही. हीच पोर शिऱ्याची कढई चाटूनपुसून साफ करायची.
'प्रसादाला नियम नसतो गं.'
'आणि केकला?'
'कधीतरी चालतं.'
'कधीतरी म्हणजे किती वेळा?'
भीती वाटतेय. वाचायला शिकवलं, की खायला घाबरायला? उद्या ब तुकडीला हाच धडा. फळ्यावर काय लिहू...

शनि., १४
ब ला नियम तोच सांगितला, फक्त 'परत ठेवायचं' गाळलं. 'मग काय करायचं, बाई?' बाईंनाच कुठे माहितेय.
दुपारी संध्याताई आल्या, नौपाड्यात काही काम होतं म्हणे. आमच्याकडून कधीतरी तिकडे गेलेल्या स्टीलच्या डब्यात शिरा. मला वाटलेलं, रुसल्या असतील. 'प्रसाद नको तर नको, आत्याच्या हातचा खाशील ना गं?' मुक्ताने सवयीने डबा फिरवून पाहिला. अंगावर कोरलेलं मोठ्याने वाचलं : 'चि. मुक्ताच्या बारशाला, आत्याकडून.'
पुन्हा फिरवला. 'बाकी काहीच नाही लिहिलेलं.'
'नाही,' संध्याताई म्हणाल्या.
झाकण उघडं, वेलचीचा वास, चमचा तिच्या हातात.
'आई, तू सांग. खाऊ?'
तिचं तिला ठरवता यावं, म्हणून तर हा सगळा खटाटोप. आणि आता दोघी माझ्याच तोंडाकडे बघत होत्या.
'तू ठरव,' म्हटलं.
तिने डबा परत एकदा फिरवला.